व्हाइट नॉईज मशीन लावायची रीत: आधी फटी, मग जागा, शेवटी आवाज

व्हाइट नॉईज मशीन म्हणजे सतत एकसारखा फस्स आवाज काढून बाहेरचे आवाज झाकणारं यंत्र. ते आणलं, उशाशी ठेवलं, आवाज चढवला, तिसऱ्या रात्री डोकं दुखलं आणि चौथ्या दिवशी ते माळ्यावर गेलं. ओळखीतल्या चार घरांत हेच घडलं; त्यातलं एक घर आमचंच. सोलापूरच्या पूर्व भागात राहायचं म्हणजे शेजारच्या कारखान्यातले माग, गल्लीतली कुत्री, पहाटेची भांडी आणि लांबवरची मालगाडी धरूनच झोपायचं. यातलं बरंच काही मशीनमुळे सुसह्य होतं. पण बहुतेक जण शेवटची पायरी पहिल्यांदा करतात आणि मग मशीनला नावं ठेवतात.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्या. झोप मोडते ती आवाजापेक्षा आवाजातल्या उडीने. खोली ३५ डेसिबलवर शांत आहे आणि शेजारचं दार ४८ वर आपटलं, तर उडी १३ ची. मशीन ४२ वर चालू असेल तर तीच उडी साधारण ६ ची होते, आणि मेंदू ती सोडून देतो. मशीनचं काम एवढंच. बाहेरचं काहीच ऐकू येऊ नये म्हणून बटण फिरवत बसलात तर बाहेरच्या त्रासाऐवजी घरातला त्रास विकत घेतलात, इतकंच.

तसं पाहिलं तर असं एक मशीन आपल्या प्रत्येकाच्या घरात छताला टांगलेलं आहे. रात्री लाईट गेली की कित्येकदा घाम यायच्या आधीच डोळा उघडतो, कारण पंख्याची घरघर थांबलेली असते. म्हणूनच थंडीत बाहेरचे आवाज जास्त जाणवतात. पंखा बंद, खोली शांत आणि गल्ली तशीच.

आधी हे तपासा

झोपेत जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकून दचकून उठणं होत असेल, तर मशीन घेऊ नका, डॉक्टरांकडे जा. तो बाहेरच्या आवाजाचा प्रश्नच नाही. कानात सतत शिट्टी वाजत असेल किंवा एका कानाने अलीकडे कमी ऐकू येत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. काही जणांना शिट्टीवर अशा आवाजाचा आराम मिळतो, पण कान तपासून घेतल्यावर.

अपेक्षाही बेताची ठेवा. झोपेसाठी असा आवाज वापरण्यावरच्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुराव्याचा दर्जा कच्चा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे काहींना फायदा होतो, काहींना नाही, आणि तुम्ही कोणत्या गटात आहात ते तुमच्याच खोलीत कळेल.

पायरी १: तीन रात्री नोंद करा

उशाजवळ कागद-पेन ठेवा. जाग आली की वेळ आणि कारण, दोनच शब्द. "१.२० कुत्री." "४.४५ भांडी." मोबाईलवर लिहू नका, स्क्रीन पाहिली की पुढचा अर्धा तास गेलाच.

तीन रात्रींनंतर यादीचे दोन भाग करा.

मशीनने झाकले जाणारे आवाज: बोलण्याचा, टीव्हीचा, भांड्यांचा, लांबच्या हॉर्नचा, दाराच्या कडीचा, थोड्या अंतरावरच्या कुत्र्यांचा. हे मध्यम किंवा उंच पट्टीतले असतात आणि सततचा फस्स आवाज नेमका याच पट्ट्या भरून काढतो.

मशीनने न झाकले जाणारे: डॉल्बीचा दणका, सामाईक भिंतीतून येणारी मागाची धडधड, वरच्या मजल्यावरची पावलं. हे कानाइतकेच हाडाला कळतात.

ओळखायची सोपी खूण आहे. त्रास चालू असताना खाटेजवळच्या भिंतीला तळहात लावा. भिंत थरथरत असेल तर आवाज हवेतून कमी आणि बांधकामातून जास्त येतोय. तिथे खाट भिंतीपासून वीतभर ओढा, डोक्याची बाजू बदला, पायांखाली जाड रबराचे तुकडे घाला. आमच्या घरात मशीनपेक्षा जास्त फरक या वीतभराने पडला, आणि त्याला खर्च शून्य होता.

डॉल्बीवर मशीन हा उपायच नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातल्या ठरावीक दिवसांना राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, ते वगळून. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. अशा वेळी मशीनचं बटण सोडा आणि ११२ लावा.

> तपासणी: यादीतल्या निम्म्याहून जास्त नोंदी दुसऱ्या भागात गेल्या असतील तर इथेच थांबा. मशीनचे पैसे वाचले.

पायरी २: फटी बुजवा

ही पायरी सगळे गाळतात, आणि इथेच घोळ होतो. खिडकीतून आवाज धो धो येत असेल तर तो झाकायला मशीनही तेवढ्याच मोठ्या आवाजात लावावं लागतं.

रात्री तुमच्या खोलीतला दिवा बंद करा आणि बाहेरच्या खोलीतला लावा. दाराच्या खालून, चौकटीच्या कडेने जिथून उजेड येतो तिथून आवाजही येतो. दाराच्या बुडाला रबर पट्टी किंवा ब्रश लावलेली पट्टी, चौकटीला स्पंजची चिकटपट्टी. हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही मिळतात. सरकत्या खिडकीची दोन तावदानं जिथे एकमेकांवर येतात, तिथली फट विशेष पाहा. जुन्या घरात छताजवळचा झरोका असतो. तो रस्त्याच्या बाजूला असेल तर बहुतेक आवाज तिथूनच आत पडतो.

आता चादरीबद्दल. सोलापुरात राहून खिडकीवर सोलापुरी चादर टांगली नाही असं घर विरळा. चादरीने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज फारसा अडत नाही. शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि पत्र्याचं कपाट अशी खोली असेल तर चादर, सतरंजी, गादी यांचा उपयोग नक्की होतो, कारण अशा खोलीत मशीनचाही आवाज कर्कश घुमतो. पण फट बुजवायचं काम चादर करत नाही.

> सावधान: खोलीत मच्छर कॉइल, धूप किंवा शेगडी जळत असेल तर फटी बंद करू नका. गॅस गिझरचं न्हाणीघर खोलीला लागून असेल तरीही नाही. हवेची एक वाट नेहमी उघडी ठेवा. शक्यतो आवाजाच्या उलट्या बाजूची.

पायरी ३: मशीन निवडा, पण आधी उसनं वापरून पाहा

पहिले चार दिवस घरातला टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून लावा. वारा नको, आवाज हवा. त्याने बरं वाटलं तरच पुढे खर्च करा. बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं.

विकत घ्यायचं तर दोन जाती आहेत. एकात आत खराच छोटा पंखा फिरतो; आवाज एकच, पण अस्सल आणि न तुटणारा. दुसऱ्यात इलेक्ट्रॉनिक आवाज असतात. प्रकार पुष्कळ, दर्जा कमी-जास्त. दुकानात किंवा घरी आल्या आल्या, परत करायची मुदत असतानाच, ही परीक्षा घ्या:

सलग दहा मिनिटं डोळे मिटून ऐका. स्वस्त मशीनमध्ये काही सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो आणि जोडावर बारीक 'टक' येते. एकदा ती ऐकू आली की रात्रभर तीच ऐकू येते.

प्लग काढून परत लावा. काही मशीन लाईट गेली की बंदच राहतात, काही सुरू होतात पण आवाज मूळ पातळीवर जातो. सोलापुरात राहणाऱ्याने ही परीक्षा चुकवू नये. खटक्याचं बटण असलेलं साधं मशीन इथे सहसा सरस ठरतं.

दिवा पाहा. निळा दिवा विझवता येत नसेल तर काळी चिकटपट्टी मारायची तयारी ठेवा.

रंगांची नावं छापलेली असतात. व्हाइटमध्ये सगळ्या कंपनसंख्यांना सारखी ताकद असते, म्हणून तो कानाला नळाच्या फवाऱ्यासारखा, जरा टोचरा लागतो. पिंकमध्ये दर सप्तकाला ३ डेसिबलने उंच पट्टी उतरते; संततधार पावसासारखा. ब्राउनमध्ये ६ डेसिबलने उतरते. लांबच्या धबधब्यासारखा, जाड. यादीत बोलणं आणि भांडी जास्त असतील तर पिंकपासून सुरुवात करा. घरघर जास्त असेल तर ब्राउन. समुद्राच्या लाटा, पक्षी, मेघगर्जना यांच्या वाटेला जाऊ नका: लाटेत चढउतार असतो, आणि उतारात कुत्रं भुंकलं की संपलं.

मोबाईलचं काय? चालतो, पण विमान मोडवर, आवाजाची फाईल फोनमध्ये उतरवून. जाहिरात वाजणारं अ‍ॅप मध्यरात्री काय करतं ते सांगायला नको. ब्लूटूथ स्पीकर घ्याल तर तो काही वेळाने आपोआप बंद होतो का, हे दिवसा पाहून ठेवा. इयरफोन घालून रात्रभर झोपणं टाळा. कानात मळ घट्ट बसतो आणि कुशीवर वळलं की दुखतं.

पायरी ४: जागा

उशाशी नाही. खाटेखाली नाही. मशीन आवाज जिथून येतो ती बाजू आणि तुमचं डोकं यांच्या मध्ये हवं, आणि डोक्यापासून किमान सहा-सात फूट. खिडकीतून आवाज येत असेल तर खिडकीजवळच्या स्टुलावर, तोंड खोलीकडे. दारातून येत असेल तर दाराच्या बाजूला.

दहा बाय दहाच्या खोलीत सहा फूट कुठून आणायचे? कर्णातला उलटा कोपरा धरा. तोही भरलेला असेल तर मशीनचं तोंड भिंतीकडे करा. आवाज भिंतीवर आपटून पसरतो आणि मऊ होतो.

उंची टेबलाएवढी. कोनाड्यात ठेवलं की आवाज भोपळ्यासारखा घुमतो. पत्र्याच्या कपाटावर ठेवलं की कपाटाचं दार बारीक कुरकुरायला लागतं. आम्हाला दोन रात्री वाटत होतं मशीनच बिघडलंय. खाली दुमडलेला टॉवेल घाला. टॉवेलला सोलापुरात काय तोटा! फक्त हवेची भोकं झाकू नका.

पायरी ५: आवाजाची पातळी

आता कुठे बटणाला हात लावायचा. हे काम दिवसा करू नका, कारण दिवसा गल्लीचाच आवाज जास्त असतो आणि बटण नकळत पुढे जातं. झोपायच्या वेळी, नेहमीचा पंखा नेहमीच्या नंबरवर ठेवून करा.

१. तुम्ही उशीवर डोकं टेकून पडा. बटण घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात. उभ्याने ठरवलेली पातळी आडवं झाल्यावर चुकते.

२. शून्यापासून हळूहळू वर. यादीतला सगळ्यात नेहमीचा आवाज, समजा बाहेरच्या खोलीतलं बोलणं, ऐकू येतंय पण शब्द लागत नाहीत, इथे थांबा.

३. आता दुसऱ्या माणसाने दारात उभं राहून नेहमीच्या आवाजात विचारावं, "दूध तापवलं का?" वाक्य कळलं पाहिजे. "काय?" म्हणावं लागलं तर मशीन मोठं आहे.

४. एक घर खाली आणा आणि तिथे पेनाने खूण करा. रोज नव्याने ठरवू नका.

मोबाईलवरच्या डेसिबल अ‍ॅपने उशीजवळ मोजायला हरकत नाही, पण फोनचा माइक काही प्रयोगशाळेचा नसतो; आकडा तुलनेपुरता घ्या. ४० ते ४५ च्या आसपास असावा, ५० च्या खाली तर असावाच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये निजायच्या खोलीसाठी सुचवलेली सततच्या आवाजाची पातळी ३० डेसिबल आहे. म्हणजे मशीन लावणं ही मुळातच तडजोड आहे. ५५ वर चालवून "सवय झाली" म्हणणारा माणूस ती तडजोड विसरलेला असतो.

आणि ही सूचना पूर्व भागातल्या माझ्या वाचकांसाठी. मागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. पाळी संपवून आलेल्या माणसाचे कान काही तास बधिर असतात. त्याला मशीनचा आवाज हळू वाटतो आणि तो बटण चढवतो. सकाळपर्यंत कान सावरतात, मशीन मात्र चढलेलंच. म्हणून पातळी सुट्टीच्या रात्री ठरवा आणि खूण करून ठेवा. पाळीनंतर हळू वाटलं तरी खुणेला हात लावायचा नाही. शेडमध्ये कानात बोळे घालणं हा खरा उपाय आहे, आणि त्याचा फायदा मशीनपेक्षा कितीतरी मोठा आहे. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याने अंधाराची सोय आधी करावी. उजेडात मशीन एकटं फार काही करत नाही.

> तपासणी: सकाळी उठल्यावर कान भरल्यासारखे वाटतात, गुणगुण जाणवते? पातळी ताबडतोब कमी करा. दोन दिवसांत गेली नाही तर मशीन बंद आणि डॉक्टर.

पायरी ६: लाईट जाते, त्याचं काय

मशीन रात्री दोनला अचानक थांबलं तर ती उडी उलटी असते, आणि तीही उठवते. इन्व्हर्टर असेल तर मशीन त्याच्याच सॉकेटवर लावा. ते वीज अगदी थोडी खातं. इन्व्हर्टर नसेल तर आत बॅटरी असलेलं घ्या. यूएसबीवर चालणारं मशीन पॉवर बँकेला जोडायची युक्ती पुष्कळ जण करतात, पण कित्येक पॉवर बँका इतका कमी प्रवाह पाहून "फोन भरला" समजतात आणि बंद होतात. दिवसा दोन तास लावून पाहा.

पायरी ७: पहिल्या दहा रात्री

झोपायच्या वीसेक मिनिटं आधी सुरू करा. अंथरूण घालताना, दार लावताना ते चालू असू दे. टायमर लावू नका. तासाभराने मशीन बंद होतं, आणि तुमची यादी सांगते की जाग येते ती पहाटे पावणेपाचला. म्हणजे ज्या वेळेसाठी मशीन आणलं त्याच वेळी ते झोपलेलं! हळूहळू आवाज उतरत बंद होण्याची सोय असेल आणि त्रास फक्त झोप लागण्यापुरता असेल, तरच टायमर.

पहिल्या तीन-चार रात्री विचित्र जातात. रंग, पातळी, जागा यातलं रोज एक बदलत बसलात तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. चौथ्या रात्रीनंतर एकच बदल, मग पुन्हा तीन रात्री. कागदावरची नोंद चालू ठेवा. दहाव्या रात्री पहिल्या यादीशी ताडून पाहा. जाग येणं कमी झालं नसेल तर मशीन परत करा किंवा देऊन टाका. दहा रात्रींत न जमलेलं महिन्याने सहसा जमत नाही.

ऋतू बदलला की

एप्रिल-मेमध्ये सोलापूर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपर्यंत जातं आणि कूलर रात्रभर धडधडतो. कूलर चालू असताना मशीन बंद. कूलरचाच आवाज तुमच्या खुणेपेक्षा मोठा असतो; त्यात भर घालणं म्हणजे कानांवर जास्तीचा बोजा. उलट कूलरच सहा फूट लांब सरकवता येतो का पाहा.

जानेवारीत उलटं. पंखे बंद आणि संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. होम मैदानाच्या आसपास राहणाऱ्यांना पाळण्यांचा, भोंग्यांचा आवाज रात्री उशिरापर्यंत असतो. मशीनची खरी गरज इथे. पंखा बंद असल्याने पातळी नव्याने ठरवावी लागते; उन्हाळ्यातली खूण चालत नाही. दोन खुणा करा, दोन रंगांच्या.

घरात तान्हं बाळ असेल तर

२०१४ मध्ये बाळांसाठीची १४ मशीन तपासली गेली. पूर्ण आवाजावर एक सोडून बाकी सगळी, दोन मीटर अंतरावरूनसुद्धा, ५० डेसिबलच्या वर गेली. तीन तर ३० सेंटिमीटरवर ८५ च्याही वर. पाळण्याच्या दांडीला मशीन बांधायचं नाही, दोन मीटर लांब, अगदी हळू, आणि बाळ झोपलं की बंद. बाळाच्या रडण्याचा आवाज आईला मशीनमधून ऐकू येतो का, हे बाळाला न रडवताही तपासता येतं: मोबाईलवर रडणं ध्वनिमुद्रित करून पाळण्यात ठेवून वाजवा.

जे ऐकू यायलाच हवं

मशीन लावलं की गजर, दारावरची थाप आणि आजारी माणसाची हाक हेही दबतात. लावल्याच्या पहिल्याच संध्याकाळी घरातल्या एकाला दार वाजवायला सांगा, दुसऱ्याला शेजारच्या खोलीतून हाक मारायला. म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी बिनतारी घंटीचं बटण ठेवा आणि घंटी तुमच्या खोलीत.

नळाचं पाणी आपल्याकडे रोज येत नाही, आणि अवेळी आलं तर उठावंच लागतं. तोटीतून हवा सुटल्याचा तो खर्रर्र आवाज ऐकून उठायची ज्यांना सवय आहे, त्यांचं पाणी मशीनमुळे पहिल्याच आठवड्यात जातं, आमचं गेलं. पाण्याच्या रात्री तोटी उघडी ठेवून खाली रिकामी स्टीलची बादली पालथी घाला. धार पडली की पत्र्यावर पडते, आणि तो आवाज पिंकही झाकत नाही, ब्राउनही नाही.